फ्रेटचं बिल खरं, बँक खातं खोटं

शिपिंगमधला सायबर हल्ला म्हटलं की न्हावा शेव्यातल्या लोकांना जून 2017 आठवतो. 27 तारखेला नॉटपेट्या हा कॉम्प्युटरमधला डेटा नष्ट करणारा व्हायरस मार्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेत शिरला आणि त्यांच्याच गटातलं इथलं जीटीआय कंटेनर टर्मिनल ठप्प झालं. त्याकडे शेवटी येतो. छोट्या फॉरवर्डरला (मालाची वाहतूक ठरवून देणारा) आणि कस्टम ब्रोकरला (माल कस्टममधून सोडवणारा) आधी धोका आहे तो एका साध्या मेलचा: "आमचं बँक खातं बदललं आहे, या बिलाचे पैसे कृपया नव्या खात्यात पाठवावेत."

हा डाव आपल्या धंद्यात हमखास लागतो, कारण एका शिपमेंटमागे आयातदार, फॉरवर्डर, परदेशातला एजंट, शिपिंग लाइन, ट्रान्सपोर्टर अशी पाच-सहा ऑफिसं असतात आणि त्यातली बरीच माणसं एकमेकांना फक्त मेलवरून ओळखतात. त्यात घाई. पैसे पोचल्याशिवाय डीओ (माल ताब्यात देण्याचा शिपिंग लाइनचा आदेश) सुटत नाही, फ्री डेज (कंटेनर फुकट वापरायचे दिवस) संपले की डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचा रोजचा आकार) चालू. अशा वेळी अकाउंट्सवाला चौकशी करत बसत नाही, पैसे सोडून मोकळा होतो.

सुरुवात होते ती पासवर्डपासून. 'अरायव्हल नोटीस' (माल येत असल्याची सूचना) किंवा 'बीएल ड्राफ्ट' (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या पावतीचा मसुदा) नावाची फाइल येते, ती उघडायला मेलचा पासवर्ड मागणारं खोटं पान येतं. पासवर्ड हाती लागल्यावर चोर लगेच काही करत नाही. तो नुसता वाचतो. कोण कोणाला किती क्रेडिट देतं, बिल कधी निघतं, सही कोणाची असते. मग मेलबॉक्समध्ये एक नियम लावतो: 'इन्व्हॉइस', 'पेमेंट', 'बँक' हे शब्द असलेलं मेल वाचलेलं दाखवून थेट आरएसएस फीड्स या फोल्डरमध्ये जावं. त्या फोल्डरकडे कोणी फिरकत नाही. खरं बिल निघालं की त्याच धाग्यात उत्तर येतं. कंटेनर नंबर बरोबर, रक्कम बरोबर, लेटरहेड बरोबर. पीडीएफमध्ये फक्त बँकेच्या ओळी बदललेल्या. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात कुठेतरी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरं चिकटून बसलेली, किंवा 'रिप्लाय टू'मध्ये भलताच पत्ता. मोबाइलवर तर पत्ता दिसतच नाही, नुसतं नाव दिसतं.

त्यामुळे खातं बदलल्याचा निरोप मेलवर मान्यच करायचा नाही. जुन्या फाइलमधल्या नंबरवर फोन करायचा. मेलखाली छापलेला नंबर चोराचाच असू शकतो. खातेक्रमांक समोरच्याकडून बोलून घ्यायचा, आपण वाचून "बरोबर ना?" विचारायचं नाही. सिस्टीममध्ये बदल एकाने भरायचा, मंजुरी दुसऱ्याने द्यायची, आणि मालक घाई करतोय म्हणून यात सूट नाही. देशातल्या आरटीजीएस आणि एनईएफटीला आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते वाचा. परदेशात बँकेतून पैसे पाठवताना (टीटी) या सोयीचा आधार नाही, म्हणून तिथे फोन हवाच.

मेलबॉक्स फुटल्याचं कळलं की सगळे आधी पासवर्ड बदलतात आणि निश्चिंत होतात. तेवढ्याने चोर बाहेर जातोच असं नाही. लावलेल्या नियमांचे आणि फॉरवर्डिंगचे स्क्रीनशॉट आधी घ्या, तो पुरावा आहे. मग सगळ्या उपकरणांवरून साइन आउट, नवा पासवर्ड, नियम आणि फॉरवर्डिंग रद्द. त्यानंतर जोडलेली अ‍ॅप्स आणि ओटीपीसाठी नोंदवलेले फोन तपासा, कारण चोर आपलाही फोन नोंदवून ठेवतो.

आपल्या डोमेनच्या (मेलच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या) नावाने कोणी खोटं मेल पाठवू नये म्हणून एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) लावतात. गाडी अडते ती डीमार्कच्या 'नन' या पायरीवर. त्यात अहवाल येतात, खोटं मेल अडत नाही. मेल थेट नाकारणाऱ्या 'रिजेक्ट'ला जायची भीती वाटते, कारण फ्रेट सॉफ्टवेअरमधून जाणारी बिलं एसपीएफमध्ये नोंदलेलीच नसतात आणि तीच अडकतील. म्हणून आधी अहवालांवरून आपल्या नावाने मेल पाठवणारी प्रत्येक सेवा शोधून नोंदवा, काही आठवडे 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये) ठेवा, मग 'रिजेक्ट' करा. एसपीएफमध्ये 10 पेक्षा जास्त डीएनएस लुकअप (डोमेनच्या नोंदींची विचारणा) झाले तर तपासणीच फसते, हेही बघा. आणि सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या डोमेनवर यातल्या कशाचाच इलाज चालत नाही. तिथे पुन्हा फोनच.

पैसे गेलेच तर त्याच तासात बँकेला कळवून रिकॉल (पैसे परत बोलावणं) मागा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांनाही कळवावं लागतं, आणि लॉग (यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी) 180 दिवस जपावे लागतात.

आता नॉटपेट्या. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. मार्स्कला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांचे डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची खाती आणि परवानग्या सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांशी सतत सिंक होत होते, एकाची प्रत दुसऱ्याकडे, आणि हल्ल्यात ते एकदमच पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण तिथे नेमकी वीज गेली होती. आपल्या ऑफिसातही हीच चूक छोट्या आकारात असते: टॅलीचा बॅकअप त्याच पीसीच्या डी ड्राइव्हवर, किंवा सगळ्यांना दिसणाऱ्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर). रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) दोन्ही एकाच फटक्यात एनक्रिप्ट करतं. दोन बाहेरच्या डिस्क आलटूनपालटून वापरा, एक कायम काढून कपाटात. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या पीसीवर चढवून एखादा जुना जॉब (शिपमेंटची फाइल) उघडा, बीएल छापून बघा. न उघडता ठेवलेले बॅकअप ऐन वेळी दगा देतात. आणि रोज संध्याकाळी चालू जॉबची यादी कागदावर काढा: कंटेनर नंबर, जहाज, लाइन, फ्री डेज कधी संपतात, डीओ कुठवर आला, ट्रान्सपोर्टरचा फोन. सर्व्हर बंद पडल्यावरही डिटेन्शनचं मीटर चालूच राहतं; दुसऱ्या दिवशी सकाळी कोणता कंटेनर आधी काढायचा हे त्या यादीवरूनच ठरवावं लागतं.