सात-पाच-शून्य-शून्य

महाराजपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावरून मिराज ही लढाऊ विमाने उडाली की ग्वाल्हेरात शिंद्यांच्या छावणीतल्या आमच्या घरी बोलणे तेवढ्यापुरते थांबते आणि आवाज विरला की अर्ध्यावरच्या वाक्यापासून पुन्हा सुरू होते. परवा अशाच एका खंडानंतर भाच्याने विचारले की, एखादे प्रवासी विमान कोणी पळवले तर हे मिराज वर जाऊन नेमके काय करणार. हवाई दलाच्या रडार शाखेतून निवृत्त झालेले, वडिलांचे स्नेही असलेले काका समोरच बसले होते. ते म्हणाले, "वर जायला मिनिटे लागतात रे, वेळ जातो तो कळायला आणि ठरवायला."

कळण्याची व्यवस्था दिसायला साधी आहे. जमिनीवरचे रडार विचारणा करते आणि विमानातला ट्रान्सपाँडर चार अंकी संकेतांक परत पाठवतो. त्यात ० ते ७ हेच अंक चालत असल्यामुळे एकूण ४०९६ संकेतांक होतात आणि त्यांपैकी ७५०० हा अपहरणासाठी राखून ठेवलेला आहे. तो पडद्यावर उमटला की नियंत्रक वैमानिकाला एकदाच, शांतपणे, तो मुद्दाम लावला आहे ना, एवढे विचारतो. होकार आला किंवा काहीच उत्तर आले नाही, तर पुन्हा छेडत नाही, कारण कॉकपिटमध्ये कोण ऐकत असेल हे त्याला ठाऊक नसते; तो आजूबाजूची विमाने बाजूला काढतो आणि वरिष्ठांना कळवतो. आपल्याकडे उड्डाणापूर्वी हवाई संरक्षणाचा परवाना क्रमांक घ्यावा लागतो आणि मोठ्या नागरी नियंत्रण केंद्रांत हवाई दलाचा संपर्क कक्षही असतो, त्यामुळे वाट सोडलेले विमान दोन्ही बाजूंच्या नजरेत येते. ग्वाल्हेरात तर धावपट्टीच हवाई दलाची असल्याने प्रवासी विमानालाही तेच नियंत्रक उतरवतात.

ही साखळी कुठे तुटते, ते ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत दिसले. बोस्टनहून निघालेल्या पहिल्या विमानाचा ट्रान्सपाँडर ८ वाजून २१ मिनिटांनी बंद पडला आणि पडद्यावर उंची व ओळख नसलेला नुसता ठिपका उरला. नियमाप्रमाणे खबर पायरी-पायरीने वर जाऊन मग लष्कराकडे यायची होती. बोस्टनच्या नियंत्रकांनी त्या पायऱ्या ओलांडून ८:३७ च्या सुमारास हवाई संरक्षण केंद्राला थेट दूरध्वनी केला. एफ-१५ लढाऊ विमानांना उड्डाणाचा आदेश मिळाला ८:४६ ला, म्हणजे ज्या मिनिटाला ते विमान न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या मनोऱ्यावर आदळले त्याच मिनिटाला. शिवाय तोवरची कार्यपद्धती अपहरणकर्त्याला कुठेतरी उतरायचे असते या गृहीतकावर उभी होती, म्हणून लढाऊ विमानाने पाच मैल मागे राहून गुपचूप पाठलाग करायचा, एवढेच त्यात अपेक्षित होते.

गाठलेल्या विमानाशी बोलायचे कसे, हे काकांनी तळहात आडवा धरून दाखवले. लढाऊ विमान बहुधा डावीकडून, किंचित वर आणि पुढे येते व पंख डोलवते. समोरच्यानेही पंख डोलवून मागे यायचे असते. त्याच वेळी १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या रेडिओ लहरीवर हाक चालू असते. कधी नुसते डोकावणेही मोलाचे ठरते. ऑगस्ट २००५ मध्ये ग्रीसवर निरुत्तर फिरणाऱ्या हेलिओस कंपनीच्या विमानाजवळ एफ-१६ गेले, तेव्हा कॅप्टनची खुर्ची रिकामी आणि सहवैमानिक निपचित पडलेला दिसला. अपहरण नव्हते, केबिनमधला हवेचा दाब गेला होता. याउलट फेब्रुवारी २०१४ मध्ये सहवैमानिकानेच पळवलेले इथिओपियाचे विमान पहाटे जिनिव्हाला पोहोचले, तेव्हा सोबतीला इटालियन आणि फ्रेंच विमाने होती, कारण स्वित्झर्लंडच्या हवाई दलाची कचेरीची वेळ सुरू व्हायची होती! भाच्याला हे काही केल्या खरे वाटेना.

पाडण्याचा प्रश्न वेगळा. २००५ च्या भारतीय धोरणात, विमानाचा क्षेपणास्त्रासारखा वापर होणार असे दिसल्यास ते पाडण्याची तरतूद आहे, तर जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००६ मध्ये तशाच कायद्याची तरतूद रद्द केली, कारण निरपराध प्रवाशांचे प्राण असे हिशेबात धरता येत नाहीत. माझा कल जर्मन न्यायालयाकडे आहे, काकांचा नाही.

मात्र संधी बहुतेक वेळा जमिनीवरच मिळते, यावर आमचे एकमत झाले. एप्रिल १९९३ मध्ये पळवून अमृतसरला उतरवलेले विमान राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी सोडवले. त्याच धावपट्टीवर २४ डिसेंबर १९९९ च्या संध्याकाळी काठमांडूहून दिल्लीला येताना पळवलेले इंडियन एअरलाइन्सचे आयसी-८१४ हे विमान पाऊण तासाहून अधिक काळ उभे होते, दिल्लीत बैठका चालू होत्या, आणि ते इंधन न भरताच उडाले. लाहोरच्या नियंत्रकांनी आधी परवानगी नाकारली आणि धावपट्टीचे दिवे मालवले. कॅप्टन देवी शरण अंधारात जवळजवळ एका रस्त्यावर उतरणार होते, तेवढ्यात दिवे पुन्हा लागले.