हीथ्रोला उतरायचं, गॅटविकहून उडायचं

मुंबईत सहारच्या विमानतळाच्या टी-2 टर्मिनलवर चेक-इन काउंटरला उभं राहणाऱ्या माणसाचं खरं काम बॅगा तोलणं हे नसतं, कागद वाचणं हे असतं. पुढच्या देशात शिरायचा हक्क नसलेल्या प्रवाशाला आम्ही विमानात बसवलं, तर ब्रिटनच्या बाबतीत कंपनीला माणशी 2,000 पौंड दंड होऊ शकतो, वर त्याला परत आणायचा खर्च वेगळा. म्हणून नवी मुलं शंका आली की सरळ ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. ‘नाही’ म्हटल्याबद्दल कुणाला मेमो मिळत नाही.

त्या रात्री लंडनच्या पहाटेच्या विमानाचं चेक-इन चालू होतं. शेजारच्या काउंटरवरून आवाज चढलेला ऐकू आला. सत्तरी ओलांडलेले एक काका, सांगलीकडचे, हातात प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये नीट लावलेले कागद. काकू व्हीलचेअरवर. चार मोठ्या बॅगा, प्रत्येकी तेवीस किलोच्या. आमचा नवा मुलगा त्यांना इंग्रजीत सांगत होता, यूकेचा व्हिसा नाही, जाता येणार नाही. काका मराठीत परत परत एकच म्हणत होते, “अहो, आम्ही लंडनला चाललोच नाही. लेकीकडं चाललोय, अमेरिकेला.”

मी कागद मागून घेतले. दोन वेगवेगळी तिकिटं होती. पहिलं मुंबई ते लंडन हीथ्रो, आमचं. दुसरं लंडन गॅटविक ते ऑर्लँडो, दुसऱ्याच कंपनीचं. मुलीने एका वेबसाइटवर स्वस्त जोडणी शोधून दोन्ही एकदम काढली होती.

पहिला प्रश्न व्हिसाचा. हीथ्रोच्या आतल्या आतच विमान बदललं असतं तर गोष्ट वेगळी होती. गॅटविकला जायचं म्हणजे इमिग्रेशन पार करून, बॅगा घेऊन ब्रिटनच्या रस्त्यावर उतरायचं. नव्या मुलाला तेवढं दिसलं आणि तो थांबला. पण टिमॅटिक, म्हणजे कुठल्या देशाला कुठले कागद लागतात ते सांगणारी आमच्या स्क्रीनवरची यंत्रणा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावं लागतं. अमेरिकेचा वैध व्हिसा हातात असेल, माणूस खरोखर अमेरिकेलाच चालला असेल, विमानाने येऊन विमानानेच जाणार असेल आणि दुसऱ्या दिवशी रात्री 23:59 च्या आतलं पक्कं तिकीट असेल, तर भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या व्हिसाविना बाहेर पडून विमानतळ बदलता येतो. अंतिम निर्णय तिथल्या सीमा अधिकाऱ्याचा, पण आम्ही अडवायचं कारण उरत नाही. दोघांचे अमेरिकेचे व्हिसा चोख होते. मी ती ओळ नव्या मुलाला स्क्रीनवर दाखवली, प्रिंट काढून काकांच्या फाइलमध्ये लावली आणि कुठल्या अधिकाऱ्याला कुठला कागद दाखवायचा ते सांगितलं. हे काम मला येतं, आणि ते नीट केल्याचा मला आनंद होता. प्रशिक्षणात आम्हाला स्लाइड दाखवतात, नियम वाचायला कुणी बसवत नाही. तो मुलगा हुशार आहे. दोष त्याचा नाही.

इथे माझं काम संपलं होतं. शिफ्ट इनचार्जही तेच म्हणाले, “डॉक्युमेंट्स ओके आहेत ना? मग टॅग लाव.”

टॅग लावायला घेतला आणि त्यावर एलएचआर, म्हणजे हीथ्रोचा कोड, छापून आलं. त्याने माझा हात थांबला, कारण काका विचारत होते, “बॅगा आता डायरेक्ट ऑर्लँडोलाच मिळणार ना?”

त्यांना कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. तिकिटं शोधणाऱ्या यंत्रणेत लंडन या शहराचा कोड आहे एलओएन. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे सगळे विमानतळ त्या तीन अक्षरांच्या पोटात. शहराच्या नावाने शोध घेतला की यंत्रणा येणारं विमान एका विमानतळाचं घेते, जाणारं दुसऱ्याचं, आणि मध्ये लिहिते ‘4 तास 40 मिनिटं, लंडन’. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आहे. गॅटविक दक्षिणेला, वेस्ट ससेक्समध्ये, म्हणजे लंडन शहराच्या हद्दीतच नाही. मधलं अंतर सत्तर किलोमीटरच्या घरात. सहारला उतरून खोपोलीहून पुढचं विमान पकडायचं, असं सांगितल्यावर काकांना ते लगेच कळलं. त्यांचा चेहराच बदलला.

मी एका कोऱ्या बोर्डिंग पासच्या मागे वेळा लिहायला लागले. विमान साडेसातला उतरणार. व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यात शेवटी उतरतात, म्हणजे आठ-सव्वाआठ. भारतीय पासपोर्टला तिथली स्वयंचलित गेट चालत नाहीत, अधिकाऱ्यासमोर जावं लागतं, आणि यांचा व्हिसाविना प्रकार असल्याने तो दोन प्रश्न जास्त विचारणार. नऊ. चार बॅगा पट्ट्यावरून घेऊन कस्टम्स पार करायला साडेनऊ. मग बस. एम-25 या रिंग रोडवरून रस्ता मोकळा असेल तर तासाभरात पोचते, पण ही सकाळची वेळ. ट्रेनने जायचं तर एलिझाबेथ लाइनने फॅरिंगडन आणि तिथे थेम्सलिंक. तरुण माणसाला सोपं आहे, चार बॅगा आणि व्हीलचेअर घेऊन नाही. बस दहाला मिळाली असं धरलं तर गॅटविकला अकरा-सव्वाअकरा. दुसऱ्या कंपनीचं काउंटर बंद होणार अकरा दहाला.

त्यात बस उत्तर की दक्षिण टर्मिनलला सोडते आणि यांचं विमान कुठून, हे मी धरलंच नव्हतं.

वेळेपेक्षाही मला छळत होती ती व्हीलचेअर. आमच्या यादीत काकूंपुढे डब्ल्यूसीएचआर होतं. म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांब चालता येत नाही. विमानाच्या दारापासून टर्मिनलमधल्या नेमून दिलेल्या जागेपर्यंत मदतनीस असतो. त्यापुढे बसच्या पायऱ्या, बसच्या पोटात ढकलायच्या बॅगा, गॅटविकच्या थांब्यापासून तिथल्या मदत केंद्रापर्यंतची वाट, यासाठी कुणीच नाही. आमची जबाबदारी हीथ्रोला संपते, त्या कंपनीची गॅटविकच्या काउंटरला सुरू होते. एकाच तिकिटावरचा प्रवास असता तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर पुढची सोय करायला कुणीतरी बांधील असतं. वेगळ्या तिकिटांवर, चुकलं ते विमान तुमचं चुकलं.

आमचे एक निवृत्त झालेले सीनियर सांगायचे, की 1978 पासून 1986 पर्यंत हीथ्रो आणि गॅटविकच्या मध्ये प्रवाशांसाठी हेलिकॉप्टर चालायचं. एम-25 चा या दोन विमानतळांमधला भाग पूर्ण झाला आणि ते बंद पडलं. आवाजाच्या तक्रारी होत्या, ते ठीकच. पण तेव्हा दोन विमानतळांच्या मधली जागासुद्धा प्रवासाचाच भाग आहे, असं कुणीतरी धरलेलं होतं. आज ती जागा वेबसाइटवर बारीक अक्षरांतल्या ‘सेल्फ ट्रान्सफर’ या दोन शब्दांवर भागवतात. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

मी काकांना फोन लावायला सांगितलं. मुलगी आधी घाबरली, मग चिडली. “सेम सिटी आहे ना? साडेचार तास आहेत. लोक करतात.” लोक करतात, हे खरंच आहे. पाठीला एक सॅक असलेला माणूस रोज करतो. मी तिला वेळा वाचून दाखवल्या आणि म्हटलं, व्हिसाचा नियम दुसऱ्या दिवसाच्या 23:59 पर्यंत मुभा देतो. गॅटविकचं तिकीट उद्यावर घ्या, टर्मिनलला लागून हॉटेलं आहेत, काकू रात्रभर झोपतील. फरकाचे पैसे लागतील. तिने विचारलं, “हे कंपलसरी आहे का?” मी म्हटलं, नाही. “मग तुम्ही माझ्या आई-बाबांना का घाबरवताय?”

मागे रांग वाढत होती. इनचार्ज दोनदा येऊन गेले. काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ राहिला असताना काकांनी फोन माझ्याकडून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “बाळ, उद्याचं कर. तुझ्या आईला घेऊन मी पळणार नाही.” तिने तिकडून तारीख बदलली, नवं तिकीट काकांच्या फोनवर आलं, मी तेही प्रिंट करून फाइलमध्ये लावलं. चारही बॅगांना एलएचआरचे टॅग लागले. जाताना काकूंनी माझा हात हातात घेतला. काही बोलल्या नाहीत.

नंतर तक्रार आली. काउंटरवरच्या महिलेने अधिकार नसताना सल्ला दिला, त्यामुळे नाहक खर्च झाला, असं मुलीने लिहिलं होतं. तिचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही: विमान वेळेवर उतरलं, आणि आई-बाबा वाटेत चहा-नाश्ता करूनही साडेबाराला गॅटविकला पोचले. मी तो हिशोब पुन्हा पुन्हा मांडते. चहा-नाश्त्याला किती वेळ गेला असेल? तास? दीड तास? तास धरला तर विमान चुकलं असतं. दीड तास धरला तर अकराला पोचले असते आणि अगदी काठावर मिळालं असतं. शिवाय घाई नसलेली माणसं किती सावकाश चालतात, बस समोरून गेली तर पुढच्या बसची वाट बघतात, हे त्यात कुठे धरायचं? त्या साडेबारावरून काहीच ठरत नाही, ना तिच्या बाजूने, ना माझ्या.

इनचार्ज म्हणाले, आपलं काम डॉक्युमेंट्सपुरतं, खुलासा दोन ओळींत दे. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. रांग आणि सुटण्याची वेळ यांच्यापुढे त्यांना दुसरं काही दिसायला वाव नसतो. पण हा प्रश्न आता लंडनचा राहिलेला नाही. 25 डिसेंबर 2025 पासून उलव्याच्या विमानतळावरूनही विमानं उडतात. कुणीतरी नवी मुंबईला उतरून सहारहून परदेशी जायचं तिकीट काढणार, मध्ये वाशीचा खाडीपूल नाहीतर अटल सेतू, आणि स्क्रीनवर दोन्हीकडे मुंबईच दिसणार. ती माणसं माझ्याच काउंटरवर धापा टाकत येणार आहेत.

खुलासा मी दोन ओळींत दिला नाही. बोर्डिंग पासच्या मागे लिहिलेल्या वेळा पूर्ण उतरवून काढल्या, नियमाची प्रिंट जोडली, आणि खाली मागणी लिहिली: प्रवाशाच्या पुढच्या तिकिटावर वेगळा विमानतळ असेल आणि यादीत व्हीलचेअर असेल, तर चेक-इनच्या स्क्रीनवर तसा इशारा यावा, आणि ते प्रवाशाला त्याच्या भाषेत सांगणं काउंटरच्या कामात धरलं जावं. कागद वर गेला आहे. अजून उत्तर नाही.