गिरणगावावरचं प्रकरण एआयकडून तपासून घेताना

गिरणी कामगारांवरच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी चॅटजीपीटीकडून तपासून घेतलं, तेही फक्त भाषेपुरतं. आधी गाइडची परवानगी मागितली, ईमेलवर.

मजकूर टाकण्याआधीचं काम सगळ्यात जास्त. मूळ फाइल तारीख घालून वेगळी ठेवली. मुलाखती देणाऱ्यांची नावं, चाळ, खोली नंबर काढले. त्यांनी संमती माझ्या प्रबंधासाठी दिली होती, कुणाच्या सर्व्हरसाठी नव्हे. संभाषणं मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरण्याची सेटिंग बंद केली. मग प्रत्येक अवतरणाच्या जागी ‘अव१’, संदर्भाच्या जागी ‘सं१’ अशा खुणा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तेव्हा ‘आमास्नी कोन इचारतंय’चं ‘आम्हाला कोण विचारतं’ होऊन आलं. मुलाखतीतली बोली हाच तर माझा पुरावा!

एका वेळी ४०० ते ५०० शब्द दिले. जास्त दिले की शेवटचे परिच्छेद गुपचूप आटतात. सूचना अशी: ‘शुद्धलेखन, विरामचिन्हं आणि वाक्यरचना एवढंच तपास. नवी माहिती घालू नकोस. खुणांना हात लावू नकोस. बदललेलं वाक्य मूळ वाक्याशेजारी दाखव आणि कारण लिही.’ तरी ही यादी पुरी मानू नये, न सांगता केलेले बदलही असतात. म्हणून दोन्ही मजकूर वर्डच्या ‘कंपेअर’मध्ये टाकून एकेक बदल पाहिला.

तिथे सापडलं ते असं. ‘बदली कामगार’चं ‘बदललेले कामगार’ झालं होतं. गिरणीत बदली म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या जागी घेतला जाणारा माणूस. १९८२च्या संपात बदलींना कायम करा ही एक मागणी होती. शब्द बिघडला की तो परिच्छेदच निरर्थक. ‘पागडी’चा, म्हणजे खोली भाड्याने घेताना एकरकमी द्यायच्या रकमेचा, ‘भाडेपट्टा’ झाला. सर्वांत घातक बदल मात्र छोटे: ‘असं दिसतं’च्या जागी ‘असं सिद्ध होतं’, आणि ‘काही खात्यांत’मधलं ‘काही’ गायब. वाक्य गुळगुळीत, दावा दुप्पट. आकडे, नकार आणि असे सावध शब्द मी शेवटी वेगळे, फक्त तेवढ्यासाठी, वाचले. संदर्भ शोधण्याचं काम टूलला दिलंच नाही. नसलेली पुस्तकं ते आत्मविश्वासाने सांगतं.

साम्य-अहवालाबद्दल, म्हणजे प्रबंधातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो हे दाखवणाऱ्या अहवालाबद्दल, गोंधळ फार असतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण तो आकडा एआयचा वापर मोजत नाही. एआय ओळखणारी साधनं वेगळी, आणि चुकणारी: चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३मध्ये कमी अचूकतेमुळे बंद केलं. उद्या कुणी शंका घेतली तर दाखवायला मसुद्यांच्या सगळ्या आवृत्त्या आणि संभाषणं एका फोल्डरमध्ये ठेवली आहेत.

प्रबंधातल्या निवेदनात टूलचं नाव, आवृत्ती, वापराचे महिने, प्रकरण क्रमांक आणि ‘भाषा-तपासणी; आशय, विश्लेषण व संदर्भ संशोधकाचे’ एवढं लिहिलं.