टाकी कोणी रिकामी करायची?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी ३२ वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर माझ्या पतींनी आणि मी एक जुनी ट्रॅव्हलर मिनीबस विकत घेतली, तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करून घेतली, आरटीओकडून बदलांची रीतसर मंजुरी मिळवली, आणि आता ऑक्टोबर ते मे या काळात सगळे मिळून चारेक महिने आम्ही ऐरोलीच्या घराऐवजी या गाडीतच राहतो. गॅस कुठे ठेवता, पंखा कशावर चालतो, रात्री भीती वाटत नाही का, असे विचारणारे वाटेत पुष्कळ भेटतात. बायका मात्र जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारतात, "आणि संडासचं काय करता हो?" माझ्या मते गाडीतल्या संसाराचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवते.

आमचे पोर्टेबल टॉयलेट दोन भागांचे आहे. वरच्या भागात भांडे, बसायची कडा आणि फ्लशच्या स्वच्छ पाण्याची टाकी. खालच्या भागात २१ लिटरची मैल्याची टाकी. दोन्ही भाग बाजूच्या खटक्यांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि मधे एक सरकती झडप असते. काम झाले की झडप ओढायची, थोडे पाणी सोडायचे, झडप बंद करायची. झडपेभोवतीचे रबरी कडे शाबूत असेल, तर गाडीत वास येत नाही. ते कोरडे पडले किंवा त्यात कचरा अडकला, की उदबत्ती लावूनही काही उपयोग होत नाही. या कड्याला आम्ही सिलिकॉनचे वंगण लावतो. पहिल्या वर्षी घरात होते म्हणून व्हॅसलीन लावले, त्याने रबर फुगले आणि झडप अडकू लागली.

ही उपकरणे मुळात पाश्चात्त्य देशांतील कागद वापरणाऱ्या लोकांसाठी घडली आहेत. सोबतच्या माहितीपत्रकात दोन माणसांना टाकी किती दिवस पुरेल, याचा जो अंदाज असतो, त्यात धुण्याचे पाणी धरलेलेच नसते. आमची टाकी पहिल्याच सहलीत दीड दिवसात भरली, तेव्हा मी जुन्या सवयीने मापाचे भांडे घेऊन बसले. दोघांची लघवी दिवसाला तीन लिटरच्या आसपास होते. मैल्याचा घन भाग त्यामानाने अगदी थोडा, अर्ध्या किलोच्या आतच. उरलेले सगळे पाणी होते, आणि ते आम्हीच ओतलेले होते. नेहमीच्या टमरेलाने एका वेळी लिटरभर पाणी सहज जाते, आणि बायकांना ते प्रत्येक वेळी लागते. कागदाने भागवा, असा सल्ला आम्हाला मुलाने दिला होता. साठ वर्षांची सवय आणि स्वच्छतेची कल्पना अशी टाकून देता येत नाही आणि ती टाकावी असे मला वाटतही नाही. आम्ही त्याऐवजी पाण्याची धार बदलली. तोटीची, दाबल्यावर बारीक धार सोडणारी पाव लिटरची बाटली घेतली. धार नेमकी लागली की तेवढ्या पाण्यात व्यवस्थित काम होते, हे दोन दिवसांत लक्षात आले. हात टाकीवर न धुता बाहेरच्या बेसिनवर धुवायचे, असेही ठरवले. आता तीच टाकी आम्हाला अडीच दिवस पुरते.

नारळाच्या काथ्याचा भुसा टाकून वापरायच्या कोरड्या संडासाचाही आम्ही विचार केला होता, कारण कोकणात हा भुसा सहज मिळतो. त्या पद्धतीत लघवी वेगळी जमवावी लागते आणि धुण्याचे पाणी तर मुळीच आत पडू द्यायचे नसते. पाणी वापरणाऱ्या माणसांना गाडीच्या दोन हात जागेत हे साधणे कठीण आहे, म्हणून तो नाद आम्ही सोडला.

खालच्या टाकीत घालायच्या औषधाबद्दल मला अधिक काळजीने सांगायचे आहे, कारण तेथे माझा विषय येतो. बाजारात जे निळे द्रव मिळतात, त्यांपैकी काहींत फॉर्माल्डिहाइड असते. ते जिवाणू मारते, म्हणून वास थांबतो. मात्र ही टाकी आपण शेवटी जेथे रिकामी करतो, त्या सेप्टिक टँकचे सगळे कामच जिवाणूंवर चालते. कोकणातल्या घरगुती खाणावळी, छोटी लॉज, गावातली घरे यांच्या मागे सेप्टिक टँक किंवा शोषखड्डाच असतो. ज्याने आपल्याला आपुलकीने जागा दिली, त्याच्या टाकीत असे वीस लिटर विष ओतून पुढच्या गावाला निघून जाणे मला पटत नाही. वास येतो तो बराचसा लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार होतो म्हणून, आणि टाकीतले पाणी आम्लधर्मी राहिले तर ही क्रिया मंदावते. त्यामुळे मी रिकाम्या टाकीत दोन लिटर पाणी आणि दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक आम्ल, घालते. टाकीच्या भिंतींवर क्षारांचा जो पांढरट, चिवट थर बसतो, तोही याने सुटतो. मे महिन्याच्या उकाड्यात हे दोन दिवसांपलीकडे पुरत नाही, हे मान्य करायला हवे. त्या दिवसांत टाकी भरण्याची वाट न पाहता ती रोज रिकामी करावी. ब्लीचिंग पावडर किंवा संडास धुण्याचे आम्ल मात्र या टाकीत कधीही घालू नये. ब्लीच आणि अमोनिया, किंवा ब्लीच आणि आम्ल, एकत्र आले की विषारी वायू निघतो, आणि गाडीची खोली लहान असते.

घाटाची गोष्टही सांगितली पाहिजे. एकदा आम्ही पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलो. झडप पोलादपूरलाच घट्ट बंद केलेली होती. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३०० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. टाकीत पायथ्याची जास्त दाबाची हवा अडकलेली, शिवाय उन्हाने तयार झालेला वायू. मी झडप ओढताच आतले पाणी उसळून वर आले. आंघोळ, कपडे, गादीची चादर, सगळे पुन्हा करावे लागले. तेव्हापासून घाट चढून आलो की पहिल्यांदा झाकण लावायचे, त्यावर जुना टॉवेल टाकायचा आणि मग झडप अगदी बोटभर, सावकाश उघडायची, असा आमचा नियम आहे. हवा सुटल्याचा आवाज थांबला की पुढे काहीही अडचण येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. परदेशात अशा टाक्या रिकाम्या करण्यासाठी मुक्कामाच्या जागी वेगळी सोय असते. आपल्याकडे ती सहसा मिळत नाही, म्हणून विचारून, परवानगी घेऊन, चालू संडासातच ती रिकामी करावी लागते. मुंबई-गोवा महामार्गावरील एका पेट्रोल पंपावर मी व्यवस्थापकाला तशी विनंती केली. त्यांनी लगेच होकार दिला आणि वळून हाक मारली, "मावशी, जरा मॅडमची टाकी ओता." संडासाजवळ फडके पिळत असलेल्या, माझ्याच वयाच्या एक बाई लगबगीने पुढे आल्या आणि त्यांनी टाकीचा कान धरलासुद्धा. मी म्हटले, "मावशी, राहू द्या, ही आमची आहे, मीच ओतते." त्या थबकल्या. व्यवस्थापक म्हणाले, "अहो मॅडम, तुम्ही कशाला, त्यांचं कामच आहे ते." त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, उलट आमच्याविषयी आदरच होता, आणि मला त्याचीच जास्त टोचणी लागली. पंपाचे संडास धुणे हे त्या बाईंचे काम असेलही. दोन धडधाकट माणसांनी अडीच दिवस साठवलेला मैला वाहून नेणे हे त्यांचे काम नव्हते. मी टाकी उचलली. मावशी माझ्याबरोबर चालत आल्या आणि त्यांनी दार धरून ठेवले.

भरलेल्या टाकीचे वजन २२ किलोच्या वर जाते, म्हणून आम्ही ती पाऊणपेक्षा जास्त भरू देत नाही. ओतताना नळी भांड्याच्या अगदी जवळ, खाली वळवून धरायची आणि मगच हवेचे बटण दाबायचे. बटण दाबले नाही तर आत हवा शिरत नाही, टाकी ढसाढसा उचक्या देते आणि शिंतोडे उडतात. त्या दिवशी घाईत मी बटण विसरले. मावशींनी काही न बोलता बादली पुढे सरकवली. फरशी मी दोनदा धुतली, फिनेल टाकले, आणि निघताना त्यांचे आभार मानले. गाडीत बसल्यावर बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

त्याच प्रवासात कणकवली लागली. तेथे अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अप्पांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम स्वतःला मिळावे अशी मागणी केली, ती नाकारली गेल्यावर उपोषण केले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडले होते. पुढे माणसाच्या डोक्यावरची मैल्याची पाटी जावी आणि मैल्याचे खत व्हावे, म्हणून त्यांनी संडासाच्या रचनेवर स्वतः काम केले. शाळेत हे वाचले होते. टाकीचा कान हातात आल्यानंतर ते मला नव्याने कळले. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर कोणाला नेमण्यास मनाई करणारा कायदा १९९३ मध्ये आणि त्याहून व्यापक कायदा २०१३ मध्ये झाला, तरी पंपावरच्या त्या हाकेत जुनी वहिवाट जशीच्या तशी होती.

काही हौशी मंडळी रात्री टाकी रस्त्याकडेच्या गटारात ओततात, असे मी ऐकले आणि एकदा पाहिलेही आहे. नवी मुंबईत राहणाऱ्या कोणीही हे करू नये. आपल्याकडे सांडपाण्याची वाहिनी वेगळी आणि पावसाळी पाण्याची गटारे वेगळी आहेत. सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जाते, तर गटारातले पाणी धारण तलावांतून, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी अडवून ठेवणाऱ्या तळ्यांतून, किंवा थेट, प्रक्रिया न होता, ठाणे खाडीत उतरते. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने रोहित पक्षी पाहायला जातो, ती हीच खाडी. २०१५ मध्ये तिचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. तिच्या चिखलात कोळी बांधव आजही उतरतात.

घरी परतल्यावर टाकी झाकणबंद पिशवीत घालून लिफ्टने वर आणतो आणि आमच्याच संडासात रिकामी करतो. सोसायटीत एका शेजाऱ्यांनी त्यावर हरकत घेतली होती. मी त्यांना घरी बोलावले, धुतलेली टाकी उघडून दाखवली, वास घ्यायला सांगितले. त्यांनी हरकत मागे घेतली, मात्र सकाळी सहाच्या आत आणा, अशी विनंती केली. ती आम्ही पाळतो.

या आठवड्यात गाडी पावसाळ्यासाठी उभी केली. टाकीत लिंबूसत्त्वाचे पाणी रात्रभर ठेवले, सकाळी तीनदा खळखळून ओतले, रबरी कडे काढून पुसले आणि सिलिकॉन लावून परत बसवले. झडप बंद ठेवली तर कडे चिकटून बसते, म्हणून ती अर्धी उघडी ठेवली आहे. टाकी आता मागच्या गॅलरीत, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात, तोंड खाली करून दोन विटांवर ठेवली आहे.