फुगलेला फिस्तुला: आकाराआधी त्वचा पाहावी

माझ्या थोरल्या भावाच्या दंडावर, फिस्तुलाच्या शिरेला, गेल्या काही वर्षांत दोन मोठे फुगवटे आले. घरी येणाऱ्या पाहुण्यांना त्या गाठी वाटत आणि ‘कापून का टाकत नाहीत?’ असा प्रश्न हमखास निघे. दादाच्या उपचारांमुळे या विषयाची जी माहिती झाली, ती डायलिसिस घेणाऱ्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे मांडत आहे.

फिस्तुला म्हणजे डायलिसिससाठी रक्त काढता-घालता यावे म्हणून शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली शीर. न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये मनगटावरच्या अशा जोडणीची पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही रक्तमार्गासाठी शक्य तेथे तिलाच प्राधान्य दिले जाते. धमनीच्या दाबाचे रक्त शिरेत येऊ लागले की शीर रुंद होते, तिची भिंत जाड होते आणि तिच्यात जाड सुया टोचता येतात. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन सुया, असा हिशेब केला तर वर्षाला तीनशेहून अधिक वेळा ती शीर टोचली जाते. सुई सहज जाते आणि दुखतही कमी, म्हणून रुग्ण आणि टेक्निशियन दोघेही त्याच बोटभर जागेला पसंती देतात, आणि तेथील भिंत हळूहळू कमकुवत होऊन फुगते.

मात्र टोचणे हे एकच कारण नसते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे. फुगवट्याच्या पुढे, हृदयाकडे जाणाऱ्या वाटेवर, बहुधा खांद्याजवळ किंवा पूर्वी कॅथेटर (डायलिसिससाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी) बसवलेल्या छातीतल्या शिरेत, अरुंदपणा आलेला असू शकतो. पुढून चिमटलेली रबरी नळी जशी मागच्या बाजूला फुगते, तसेच येथे होते. हात हृदयाच्या पातळीच्या वर उचलल्यावर निरोगी फिस्तुला बराचसा मऊ पडतो. तो ताठच राहिला, सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला किंवा हात सुजू लागला, तर डॉप्लर तपासणी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्यावी. अरुंदपणा तसाच ठेवून केवळ फुगवटा कापला, तर तो पुन्हा येण्याची शक्यता राहते. म्हणून अनेकदा आधी किंवा त्याच वेळी शिरेच्या आत फुगवलेल्या छोट्या फुग्याने ती जागा रुंद केली जाते.

फुगवटा मोठा आहे एवढ्यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही. वर्षानुवर्षे न वाढलेला, वरची कातडी जाड आणि चिमटीत धरता येणारी असलेला फुगवटा निरीक्षणाखाली ठेवता येतो. कातडी पातळ व चकचकीत होणे, सुईच्या जागेवरची खपली न भरणे, तेथे जखम होणे, आकार झपाट्याने वाढणे, लालसरपणा किंवा पू दिसणे, ही मात्र थांबण्याची वेळ नसते. अशा जागी फिस्तुला फुटला तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. त्या वेळी टॉवेलांचा ढीग न गुंडाळता नेमक्या छिद्रावर बोटाने घट्ट दाबून धरावे, हात वर उचलावा आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. हे घरातील प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे.

शस्त्रक्रियेचे प्रकार अनेक आहेत. जेथे शक्य असते तेथे शीर उघडून, आतल्या गुठळ्या काढून, जास्तीची भिंत व खराब कातडी कापून टाकतात आणि ठरावीक जाडीच्या नळीवर बेतून शीर पुन्हा शिवतात. टाके शक्यतो बाजूला येतील अशी काळजी घेतली जाते, म्हणजे पुढे सुई त्यांच्यावर पडत नाही. भाग फारच खराब असेल तर तो काढून टोके एकमेकांना जोडतात, आणि अंतर जास्त असेल तर मध्ये कृत्रिम नळी घालतात. जंतुसंसर्ग असेल तर कृत्रिम नळी शक्यतो टाळतात आणि पुष्कळदा फिस्तुला बांधून बंदच करावा लागतो.

बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय असला, तरी त्यानंतर बहुधा मानेत कॅथेटर येते आणि त्यासोबत रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका. हाताच्या शिरा मोजक्याच असतात; म्हणून ‘हा फिस्तुला वाचवता येईल का?’ हा प्रश्न व्हॅस्क्युलर सर्जनला (रक्तवाहिन्यांच्या शल्यतज्ज्ञाला) स्पष्टपणे विचारावा, असे मी आग्रहाने सांगेन. दादाच्या बाबतीत दोन्ही फुगवटे एकदम न करता आधी एक दुरुस्त केला. तो भरेपर्यंत दुसऱ्या बाजूच्या चांगल्या कातडीतून सुया घातल्या, त्यामुळे कॅथेटर टळले. दुरुस्त केलेल्या भागात पुन्हा सुई घालण्यापूर्वी काही आठवडे थांबावे लागते आणि ती परवानगी सर्जननेच द्यावी लागते. आता प्रत्येक डायलिसिसला सुईची जागा थोडी पुढे सरकवतात आणि कोणत्या दिवशी कोठे टोचले याची नोंद वहिनी एका वहीत ठेवतात.