न्हाणीमागची चूल

जानेवारीत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही घराघरातलं जळण मोजत होतो. रोज ठरलेल्या वेळी जायचं, लाकडाचा ढीग ताणकाट्याला लावायचा, कालच्या वजनातून आजचं वजा करायचं. ओलावामापकाच्या टाचण्या लाकडात रोवून ओल बघायची. मग माणशी हिशेब, त्यात घरातल्या प्रत्येकाचं माप ठरलेलं: पुरुष 1, बाई 0.8, 14 वर्षांपर्यंतचं पोर 0.5. पहाटेपासून चुलीशी खपणाऱ्या बाईपुढे 0.8 लिहिताना माझा हात दर वेळी अडखळतो.

त्यातल्या एका घरात काकू, मुलगा, सून, दोन लहान नातू. हिशेबाने 3.6 माणसं. तीन दिवस रोजचं जळण दोन किलोच्या आसपासच भरलं. सिलिंडर होता, पण चहापुरता, भाकरी-वरण चुलीवरच. मला हे पटेना. त्यात न्हाणीमागे राखेचा ढीग. दोन किलो लाकडाची एवढी राख पडत नाही.

चौथ्या दिवशी नऊऐवजी पहाटे साडेपाचला गेले. न्हाणीमागे तीन दगडांवर पाण्याचा जर्मनचा मोठा गंज, आणि धाकट्याला मांडीवर घेऊन सून तुराट्या सारत होती. तुराटी भसकन पेटते, तितक्याच लवकर विझते. म्हणून मूठमूठ सारत राहावं लागतं आणि प्रत्येक मुठीला नवा धूर. माझ्या हातातल्या यंत्रावर सूक्ष्म धूलिकणांचा आकडा हजाराच्या वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने 24 तासांच्या सरासरीला घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. क्षणाचा आकडा आणि दिवसाची सरासरी एका मापाने तोलू नये, हे मला कळतं. पण ते पोर खोकत होतं. आणि आमचं मोठं यंत्र आत, स्वयंपाकघरातल्या थंड चुलीपासून एक मीटरवर, नियमाप्रमाणे टांगलेलं.

"काकू, हे बोलला नाहीत?"

"पोरी, तू सयपाकाचं इचारलं. आंगधुन्याच्या पान्याचं कुठं इचारलं?"

खरंच होतं. फॉर्मवरचा प्रश्न मीच लिहिला होता: 'स्वयंपाकाला रोज किती लाकूड लागतं?'

उरलेल्या तुराट्यांची पेंढी काकूंनीच काट्याला अडकवली. ओलावामापकाच्या टाचण्या त्या काडीत बसेनात, काडी कट्कन मोडायची. दुसऱ्या दिवशी वजा करून पाहिलं: एका सकाळच्या पाण्याला साडेचार किलो. फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता, समासात लिहिलं.

आधी मोजून झालेल्या 11 घरांना त्याच आठवड्यात पुन्हा गेले, पहाटे साडेपाचला.