ट्रॅकफोनचा पुढचा सॅमसंग: शून्याचं कोडं सुटलं

सुटलं एकदाचं! ट्रॅकफोन ही अमेरिकेतली प्रीपेड मोबाइल कंपनी सॅमसंगचे फोन स्वतःच्या मॉडेल क्रमांकाने विकते. त्यातले मुळात शून्याने सुरू होणारे क्रमांक आता वाचता येतात.

सरळ मॉडेलांचा नियम आपल्याला पाठच आहे. सॅमसंगच्या मूळ क्रमांकातला 'ए' काढायचा, 'एस' लावायचा, मागे शेपूट जोडायचं. ए१३६चा एस१३६डीएल, ए१४६चा एस१४६व्हीएल, ए१५६चा एस१५६व्ही. पण स्वस्तातले सॅमसंग दाद देत नव्हते. ए०१ मुळात ए०१५, ट्रॅकफोनवर एस१११डीएल. ए०२एस म्हणजे ए०२५, तो एस१२४डीएल. ए०३एस म्हणजे ए०३७, तो एस१३४डीएल. चिप, बॅटरी, बाजारात आल्याचा महिना, सगळं लावून पाहिलं. काहीच जुळेना.

काल रात्री सगळे क्रमांक चढत्या क्रमाने एकाखाली एक मांडले आणि दिसलं. शून्याच्या जागी एक येतो, मधला अंक तसाच राहतो. तेवढंच केलं तर ०१५चा ११५ होतो, पण एस११५डीएल हा ए११. ०२५चा १२५ होतो, तो ए१२चा मूळ क्रमांक. ०३७चा १३७, तोही ए१३च्याच एका आवृत्तीचा. म्हणजे शेवटचा अंक टक्कर टाळायला बदलतात! तीनही ठिकाणी बसतंय, फार बरं वाटलं.

शेपटाचं थोडक्यात: व्हेरायझन या मोठ्या मोबाइल कंपनीने २३ नोव्हेंबर २०२१ला ट्रॅकफोन ताब्यात घेतलं, तरी डीएल लगेच गेला नाही. ए१४ला व्हीएल आला, ए१५ला नुसता व्ही. पुढेही व्हीच राहील असं मी धरतोय.

तेव्हा २०२४मध्ये जाहीर झालेल्या ए१६ ५जीसाठी, म्हणजे ए१६६साठी, एस१६६व्ही. एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामकाच्या नोंदींत 'ए३एल' या सॅमसंगच्या कोडवर रोज नजर ठेवायची असं ठरवलं होतं, पण लिहितानाच सुचलं की ट्रॅकफोनच्या फर्मवेअरचा (फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) कोड टीएफएन आहे. एस१६६व्ही आणि टीएफएन ही जोडी फर्मवेअरच्या याद्यांत आधी शोधतो, एफसीसी नंतर. दुकानांच्या पानांवर माझा भरवसा नाही. तिथे नाव 'गॅलेक्सी ए' एवढंच असतं आणि चित्र भलत्याच फोनचं.

खरी परीक्षा ए०६ची. तो ट्रॅकफोनवर आलाच, तर ०६५चा १६५ होणार नाही, कारण ए१६५ हा ए१६च्या ४जी आवृत्तीचा क्रमांक आहे. मागच्या दोन्ही वेळी चार आला होता, म्हणून माझी पैज एस१६४व्हीवर. तुमची कशावर?